ड्रंक अँड ड्राइव्हची केस झालीय आणि ट्रक चालवायचाय? मग या क्रमाने चला

कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्यांवर ड्रायव्हर ठेवायचं काम मी बघतो. "दादा, जुनी ड्रंक अँड ड्राइव्हची केस आहे, मला कोण गाडी देईल का?" हा प्रश्न घेऊन येणारी मुलं कमी नाहीत. कुणी सातारा-सांगलीकडचा, कुणी बीडचा, कुणी इथलाच पनवेलचा. निम्म्यांना आपल्यावर नेमकं काय झालंय हेच माहीत नसतं. उरलेल्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की आता जन्मात ट्रकचं लायसन्स मिळणार नाही. ते खरं नाही. एका केसमुळे हा धंदा कायमचा बंद होत नाही. मात्र कागद आधी आणि स्टेअरिंग नंतर, हा क्रम चुकवला तर जुनी साधी केस नव्या मोठ्या केसला जन्म देते. म्हणून हे पायरी-पायरीने लिहितोय. यातली पहिली पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही तीच.

पायरी १: आपल्यावर नक्की काय आहे ते कागदावर बघा

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की हे कलम लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्याचा दंड जसा हवालदाराच्या मशीनवर मिटतो तशी ही केस मिटत नाही, ती कोर्टात जाते.

इथेच मोठा घोळ होतो. मुलगा कोर्टात उभा राहतो, साहेब विचारतात गुन्हा कबूल आहे का, तो मान हलवतो, खाली खिडकीवर दंड भरतो आणि घरी येऊन सांगतो, "मिटलं." मिटलेलं नसतं. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं. पुढे कुठल्याही फॉर्मवर "तुम्हाला शिक्षा झाली आहे का" असा प्रश्न आला तर उत्तर "हो" असंच आहे, मग तुरुंगात एक रात्रही काढलेली नसो.

दुसरा घोळ याच्या उलट. काही जण तारखेला गेलेलेच नसतात. पावती खिशात ठेवून विसरलेले असतात. त्यांच्यावर शिक्षा नसते, पण वॉरंट निघालेलं असू शकतं. हे जास्त वाईट, कारण नाकाबंदीत किंवा नोकरीच्या पडताळणीत ते अचानक वर येतं.

ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा मोबाइल अॅपवर केस शोधता येते. १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) असेल तर लगेच, नसेल तर नाव, पोलीस ठाणं आणि वर्ष टाकून. केस सापडली की त्या कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढा. दंडाची पावती असेल तर तिचीही झेरॉक्स. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि महिलेला उत्पन्न न बघता मिळतो.

अपघात झाला होता, कुणाला लागलं होतं किंवा कुणाचा जीव गेला होता, तर प्रकरण कलम १८५ वर थांबत नाही. तुमची गोष्ट तशी असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी वकिलाकडे जा.

पायरी २: लायसन्स चालू आहे की बंद, हे तपासा

लायसन्सवर दोन बाजूंनी गदा येते आणि लोक त्या दोन्ही एकच समजतात.

एक बाजू आरटीओची. पकडल्यावर पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. आरटीओ नोटीस काढतो, तुमचं म्हणणं ऐकून घेतो आणि पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी तुम्हाला अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्यांदा तोच गुन्हा असेल तर लायसन्स रद्दच. नोटीस आली की त्या सुनावणीला जा. नोटिशीवरचा पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा असतो, माणूस दुसरीकडे राहायला गेलेला असतो आणि निकाल त्याच्या पाठीमागे लागून जातो, असं फार होतं. आरटीओचा हुकूम पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं.

दुसरी बाजू कोर्टाची. कलम १८५ खाली दोषी ठरवलं तर कायद्यात किमान सहा महिने अपात्र ठरवायची तरतूद आहे. तुमच्या निकालात किती महिने लिहिलेत, कधीपासून लिहिलेत, कोणत्या वाहनांसाठी लिहिलेत, ते पहिल्या पायरीत काढलेल्या प्रतीत वाचा. समजलं नाही तर वाचून घ्या. तिथली तारीखच तुमचा पुढचा हिशेब ठरवते.

पोलिसांनी लायसन्स घेताना दिलेली पावती म्हणजे गाडी चालवायची परवानगी नाही. "साहेब, लायसन्स जमा आहे, ही पावती बघा," हे इतर केसमध्ये चालत असेल, १८५ मध्ये कायदा स्पष्ट सांगतो की लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर चालवता येत नाही.

आणि मुदत संपली म्हणजे लायसन्स आपोआप हातात पडतं असंही नाही. २०१९ पासून निलंबित लायसन्स परत मिळायला ड्रायव्हरचं रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. आरटीओत विचारा की तुमच्या भागात ते कुठे होतं. त्याचं सर्टिफिकेट नीट जपा. नोकरी मागायला जाल तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारा तो पहिला कागद असेल.

अपात्रतेच्या काळात गाडी चालवलीत, किंवा नवं लायसन्स काढायचा अर्ज केलात, किंवा जुना शेरा (लायसन्सवर पडलेली शिक्षेची नोंद) लपवून कोरं लायसन्स मिळवलंत, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणून आरटीओच्या बाहेर कुणी म्हणाला, "दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन काढून देतो, कुणाला कळत नाही," तर त्याच्या नादी लागू नका. सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर देशभरातल्या नोंदी एकत्र आहेत आणि एका माणसाला दोन लायसन्स ठेवायची परवानगीच नाही. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, गुन्हा तुमच्या नावावर चढतो.

पायरी ३: लायसन्स बंद असताना क्लीनर म्हणून चढा

या सहा महिन्यांत घरी बसू नका. क्लीनरला लायसन्स लागत नाही आणि ट्रकचं निम्मं काम क्लीनरच्याच हातून शिकायला मिळतं. ताडपत्री कशी घालायची, दोर कुठून कुठे आवळायचा की घाटात माल सरकणार नाही, टायरला हातोडी मारून आवाजावरून हवा कशी ओळखायची, एअर ब्रेकच्या हवेचा काटा भरायच्या आत गाडी का हलवायची नाही, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) आणि ई-वे बिलावरचे आकडे मालाशी कसे जुळवायचे, अनलोडिंगला माल कमी भरला तर सही करण्याआधी काय लिहून घ्यायचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यातलं फारसं शिकवत नाहीत. चांगला उस्ताद (गाडीचा मुख्य ड्रायव्हर) भेटला तर सहा महिन्यांत माणूस तयार होतो.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो. ढाब्यावर उस्ताद जेवायला बसतो, मागची गाडी हॉर्न देते, आणि तो म्हणतो, "जा रे, जरा पुढे घे." पन्नास फुटांचं काम असतं. तरीही चावी घेऊ नका. ढाब्याचं आवार, पेट्रोल पंप, मार्केट यार्ड, जिथे लोक येतात-जातात ती सार्वजनिक जागाच धरली जाते. तिथे कुणाला धक्का लागला तर अपात्र माणसाच्या हातात गाडी होती एवढंच कागदावर येतं. "उस्ताद, माझं लायसन्स बंद आहे, मी घेणार नाही," हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलून टाका. एकदा बोललं की पुन्हा कुणी सांगत नाही.

पायरी ४: दारूचा हिशेब

माझ्या मते पहिल्या पायरीइतकीच कामाची पायरी ही. एकदा पकडला गेलेला माणूस म्हणतो, "आता मी पिऊन चालवत नाही, रात्री काम संपल्यावरच घेतो." ट्रकच्या धंद्यात हे पुरत नाही, कारण पहाटे चारला गाडी काढायची असते.

एका चपटीचा हिशेब करू. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलिलिटरमागे १२०-१३० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. शरीर ते तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं. १२५ वरून ३० वर यायला सहा-साडेसहा तास, पूर्ण शून्यावर यायला आठ तासांच्या पुढे. रात्री अकराला चपटी संपवली तर पहाटे चारला तुम्ही कायद्याच्या मर्यादेच्या वर असता, डोकं कितीही हलकं वाटत असो. हाफ, म्हणजे याच्या दुप्पट, घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. माणसागणिक यात फरक पडतो. वजन कमी असेल, लिव्हर दुखावलेलं असेल तर आणखी वेळ लागतो.

लिंबूपाणी, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, पान, बडीशेप यातल्या कशानेही तो आकडा खाली येत नाही. वास झाकला जातो एवढंच. मशीन वास बघत नाही.

आता बऱ्याच कारखान्यांच्या आणि तेल कंपन्यांच्या डेपोच्या गेटवर फुंकायला लावतात. सकाळची लाइन लागलेली असते, सुरक्षारक्षक प्रत्येक ड्रायव्हरसमोर मशीन धरतो, आकडा आला की गाडी बाजूला. त्या गेटवर पोलीस नसतात, केस होत नाही, पण ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर रजिस्टरला चढतो आणि ट्रान्सपोर्टरला फोन जातो. जुनी केस असलेल्या माणसाचा असा एक फोन आला की त्याची बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: या धंद्यात यायचं असेल तर पहिली तीन वर्षं पूर्ण बंद करा. तीनच का, ते शेवटी सांगतो. स्वतःच्या बळावर बंद होत नसेल तर मदत घ्यायला लाजू नका. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा राज्यात बऱ्याच शहरांत होतात आणि तिथे फी नसते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट आहे. उपचार घेतला असेल तर त्याचा कागद ठेवा. मालकाला दाखवायचा की नाही ते नंतर ठरवा, पण ठेवा.

केबिनमध्ये बाटली नको, रिकामीसुद्धा नको. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत आहे. वापीकडे जाणाऱ्या गाडीत क्लीनरने ठेवलेली अर्धी बाटली सापडली तरी ड्रायव्हर अडकतो आणि गाडी मालासकट उभी राहते. गाडीत कोण काय ठेवतो यावर तुमची नजर हवी.

पायरी ५: मोठ्या गाडीचं लायसन्स

अपात्रतेची मुदत संपली, रिफ्रेशर झालं, लायसन्स परत हातात आलं. आता पुढचं.

ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत. त्याचं लर्निंग काढायच्या आधी किमान एक वर्ष हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असायला हवं. केस दुचाकीवर झाली होती आणि फक्त दुचाकीचंच लायसन्स आहे, अशी मुलं बरीच असतात. त्यांनी आधी चारचाकीचं काढायचं आणि वर्षभर थांबायचं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटली म्हणून कुणी मागे राहू नये. पण वाचता यायला हवं. बिल्टी वाचता न येणारा ड्रायव्हर फसवला जातो.

मधल्या वर्षात रिकामं बसावं लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळा शिक्का लागत नाही. छोटा हाथी, पिकअप, लहान आयशर यात बसतात. आरसी बुकावर एकूण वजन लिहिलेलं असतं, ते बघूनच चावी घ्या. धोकादायक माल असेल तर हा निकाल कामाचा नाही, त्याचे नियम वेगळे आहेत.

मोठ्या गाडीसाठी सारथी पोर्टलवर लायसन्समध्ये नवा वर्ग वाढवायचा अर्ज भरतात. नोंदणीकृत डॉक्टरचं फॉर्म १ए मधलं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं हे त्यात तपासतात. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५, म्हणजे ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, लागतं. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस गेल्यावर आणि सहा महिन्यांच्या आत टेस्ट द्यायची. अर्जात अपात्रतेबद्दल जे विचारलंय ते खरं भरा. मुदत संपलेली असेल तर "पूर्वी अपात्र होतो, मुदत अमुक तारखेला संपली" असं सांगायला काहीच हरकत नाही. खोटं भरलं तर वर सांगितलेलं कलम १८२ आहेच.

स्कूल निवडताना पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण प्रत्यक्ष मोठ्या गाडीवर बसवणारं स्कूल बघा. दोन फेऱ्या मारून फॉर्म ५ देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचा अवजड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेच्या आवारातही ड्रायव्हिंग ट्रेनिंग चालतं. जुनी केस असलेल्या मुलाने असं नाव असलेलं सर्टिफिकेट समोर ठेवलं की मालक एकदा तरी मान वर करून बघतो.

ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं असतं. टँकर किंवा केमिकलच्या गाडीवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग वेगळं करावं लागतं आणि ती परवानगी तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊच नका. तिथली तपासणी सगळ्यात कडक असते, आणि अनुभव नसताना भरलेला टँकर घाटात उतरवणं हे वेगळंच काम आहे.

पायरी ६: मालकासमोर बसताना

मालक का घाबरतो हे आधी समजून घ्या, म्हणजे बोलणं सोपं जातं. गाडी पंचवीस-तीस लाखांची, हप्ते चालू. ड्रायव्हर दारू प्यायलेला निघाला किंवा अपात्र असताना चालवत होता, तर कायदा विमा कंपनीला हात वर करायची वाट देतो. गाडीच्या नुकसानीचा क्लेम जातो आणि समोरच्या माणसाची भरपाई मालकाकडून वसूल व्हायची वेळ येते. एका रात्रीत घर विकायला लागतं. त्यामुळे तुमची केस ऐकून मालकाचा चेहरा बदलला तर तो तुमचा अपमान करतोय असं समजू नका. त्याचा हिशेब चाललेला असतो.

मग सांगायचं की लपवायचं? सांगायचंच. मात्र पहिल्या वाक्यात नको. आधी काय येतं ते सांगा, कुणाकडे क्लीनर होतो ते सांगा, गाडी मागेपुढे करून दाखवा. मग चावी घेण्याआधी, दोघंच असताना:

"शेठ, एक गोष्ट आधीच सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्यावर ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली. दंड भरला, सहा महिने लायसन्स बंद होतं. हा कोर्टाचा कागद, हे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. तेव्हापासून पीत नाही. तुम्ही कधीही मशीन लावा, मी फुंकीन."

एवढंच. "मित्रांनी पाजली", "पोलिसांनी उगाच धरलं" हे काढू नका. केस खोटी असली तरी काढू नका. तो वाद कोर्टातला आहे. मी ज्यांना गाडी दिली त्यातल्या अशा मुलांनी फाइल समोर ठेवली होती. ज्यांची केस दुसऱ्याच्या तोंडून कळली त्यांना दुसऱ्या दिवशी हिशेब करून पाठवलं, गाडी कितीही चांगली चालवत असले तरी.

फाइलमध्ये काय असावं: लायसन्स, आधार, निकालाची प्रत, दंडाची पावती, रिफ्रेशरचं सर्टिफिकेट, मेडिकल, फॉर्म ५, आणि आधीच्या मालकाचा किंवा उस्तादाचा फोन नंबर. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळतं. मोठ्या कंपन्या ते मागतात. कोणी मागायच्या आधी स्वतः काढा, म्हणजे त्यात काय लिहून येतं ते तुम्हाला आधी कळेल.

पायरी ७: सुरुवात कुठे करायची

स्वतःच्या शे-दोनशे गाड्या असलेल्या, मोठ्या कारखान्यांचं काँट्रॅक्ट असलेल्या कंपन्यांकडे पहिल्या वर्षी नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. त्यांच्या नियमात जुनी केस बसत नाही आणि समोरचा सुपरवायझर तो नियम बदलू शकत नाही. तिथे चपला झिजवू नका. दोन ते पाच गाड्यांचा मालक शोधा, जो स्वतः गाडीवर चालून मोठा झालाय आणि रोज संध्याकाळी तुम्हाला डोळ्यांनी बघतो. कळंबोलीचं स्टील मार्केट, वाशीचं एपीएमसी, भिवंडीची गोदामं, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, नाशिकला आडगावचा ट्रक टर्मिनल, नागपूरला वाडी, इथे असे मालक सकाळी चहाच्या टपरीवर भेटतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात ड्रायव्हर कमीच पडतात, तिथे नवख्याला संधी मिळते, पण रात्रीची वाहतूक आणि जास्तीचा भार या दोन गोष्टींपासून जपून राहा. ओव्हरलोड गाडी पकडली गेली तर लायसन्सवर पुन्हा संकट येऊ शकतं, आणि तुम्हाला दुसरी केस परवडणारी नाही.

लांब पल्ला की लोकल? पैसे लांब पल्ल्यात जास्त, भत्ता वेगळा. तरी जुनी केस असलेल्याने पहिलं वर्ष लोकल करावं असं मला वाटतं. लांबच्या ट्रिपला लोडिंगसाठी दोन-दोन दिवस परक्या गावात पडून राहावं लागतं, अंग मोडून आलेलं असतं, शेजारच्या केबिनमधून हाक येते. ती हाक नाकारायची सवय आधी लागू दे. याला अपवाद एकच: गावातला कट्टाच पिणाऱ्यांचा असेल तर गावापासून लांब राहणं बरं.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवून घ्या. लोडिंगला थांबलेल्या दिवसांचा भत्ता किती, आणि चलान आलं तर कोणाचं कशावर. ओव्हरलोड, फिटनेस, पीयूसी हे मालकाचं. सिग्नल, सीटबेल्ट, मोबाइल हे तुमचं. आणि मालकाच्या विमा पॉलिसीची तारीख विचारायला संकोचू नका. विमा संपलेली गाडी चालवणारा ड्रायव्हरही गुन्ह्यात येतो.

एसटीत किंवा सरकारी ड्रायव्हर व्हायचं असेल तर वाट अवघड आहे. प्रवासी वाहनाच्या बॅजलाच पोलीस पडताळणी लागते, आणि सरकारी साक्षांकन नमुन्यात (नोकरीआधी भरून द्यायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये) शिक्षेबद्दल सरळ विचारलेलं असतं. तिथेही लपवू नका. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणारा तो सोडून देऊ शकतो, आणि माहिती दडवणं हे स्वतंत्र कारण धरलं जातं. परदेशी जायचा विचार असेल तर कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यात टाकलंय, त्यामुळे एजंटला पैसे द्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

पायरी ८: तीन वर्षांनी आरटीओत परत जा

हे फारच थोड्या ड्रायव्हरांना माहीत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, लायसन्सवर शेवटचा शेरा पडल्यापासून सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर जुनं लायसन्स जमा करून कोणताही शेरा नसलेलं नवं लायसन्स मागायचा हक्क ड्रायव्हरला मिळतो. फक्त हिशेब नीट करा: अपात्रतेचा काळ या तीन वर्षांत धरत नाहीत. कोर्टाने सहा महिने अपात्र ठरवलं असेल तर शेरा पडल्यापासून साडेतीन वर्षं मोजा.

ती तारीख आजच काढून फाइलच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. तारीख आली की अर्ज, जुनं लायसन्स आणि निकालाची प्रत घेऊन आरटीओत जा. खिडकीवरच्या माणसाला हे कलम माहीत नसेल तर अर्जात "मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम २५" असं लिहा आणि पोच घ्या. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. यामुळे कोर्टातली शिक्षा पुसली जात नाही, त्यामुळे जिथे शिक्षेबद्दल विचारलंय तिथे उत्तर तेच राहतं. पण लायसन्स कोरं होतं, आणि मालक पहिल्यांदा बघतो ते लायसन्सच. नवं लायसन्स आल्यावर सारथीवर स्वतः नंबर टाकून नोंद बदलली का ते तपासा आणि मालकाच्या ऑफिसातली झेरॉक्सही बदलून घ्या.